मिंग खुर्ची आणि कॅपिटल के

रोमन अक्षरांचा एक नवा टाइप तयार होतो आहे आणि त्याला आधार आहे चीनमधल्या मिंग काळाच्या अखेरच्या फर्निचरचा. काम करणारी मुलगी टाइप डिझायनर आहे. तिचा मामा जन्मभर लाकडात काम करत आला, पुढे विद्यार्थ्यांना सांधेकाम शिकवत राहिला. चिनी फर्निचर हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. भाचीनं पहिले कागद दाखवले ते त्याला आवडले नाहीत, आणि का आवडले नाहीत हेही त्यानं नीट सांगितलं. एका देशाच्या वस्तूवरून दुसऱ्या देशाची अक्षरं घडवताना नेमकं काय उचलायचं, हा प्रश्न डिझाइनच्या जगात फार सैलपणे हाताळला जातो. या दोघांनी तो थेट सांध्यापर्यंत नेला, म्हणून त्यांचं बोलणं इथे देतो आहे.

मामा : तुझे एन, एच आणि आय पाहिले. तिन्हींच्या पायाशी आत वळलेला खूर आहे. मिंग टेबलांचा घोड्याच्या खुरासारखा पाय तुला आवडला, हे दिसतंच. पण तो खूर कुठल्या टेबलाला असतो आणि कुठल्याला नसतो, हे पाहिलंस का?

भाची : रोमन अक्षराच्या पायाशी सेरिफ असते, छोटीशी आडवी पट्टी. तिच्या जागी खूर बसवला की एका नजरेत ओळख पटते. सुरुवातीला मला तेवढंच करून बघायचं होतं.

मामा : ओळख पटते म्हणूनच जपून राहायला हवं. चिनी अभ्यासक वांग शिश्यांग यांचं मिंग फर्निचरवरचं पुस्तक १९८५ मध्ये आलं. त्याच्याआधी गुस्ताव एक्के या जर्मन अभ्यासकानं १९४४ मध्ये पेकिंगला एक ग्रंथ काढला होता, प्रती अवघ्या २००. पण या फर्निचरचं व्याकरण खऱ्या अर्थानं मांडलं ते वांगांनी. ते दोन घराणी मानतात : कंबर असलेलं आणि कंबर नसलेलं. कंबर म्हणजे टेबलाची वरची फळी आणि तिच्याखालची झालरपट्टी यांच्यामध्ये आत घेतलेला पट्टा. खूर सहसा कंबर असलेल्या घराण्यात असतो, चौकोनी पायाला. कंबर नसलेल्या घराण्यात पाय बहुतेक गोल, खाली येताना किंचित बाहेर झुकलेले आणि सरळ जमिनीत रोवल्यासारखे. त्यांना खूर नसतो. तुझे दांडे गोल पायासारखे, वर निमुळते. आणि खाली खूर. एका घराण्याच्या अंगावर दुसऱ्याचा पाय.

भाची : हे दोन घराण्यांचं प्रकरण मी वाचलं होतं, मामा, पण ते इतकं काटेकोर पाळलं जातं असं वाटलं नव्हतं.

मामा : कारागीर अधूनमधून नियम मोडतात, पण कारण असेल तर. वांगांच्या मते गोल पायांचं घराणं लाकडी इमारतीच्या खांब-तुळयांवरून आलं. कंबरेचं घराणं आलं पेटीसारख्या बैठकींतून आणि सुमेरू-पीठातून, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेल्या मूर्तीच्या चौथऱ्यातून. खूर हा त्या बैठकीच्या रचनेचा उरलेला अंश आहे. तो तोडून अक्षराला चिकटवलास की उरते फक्त नक्षी. आणि मग तुझ्यात आणि क्लीव्हलंडच्या त्या फाउंड्रीत फरक काय राहिला? १८८३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड टाइप फाउंड्रीनं ‘चायनीज’ नावाचा टाइप काढला, पुढे त्याचंच नाव ‘मँडरिन’ झालं. ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे जाड, टोकदार तुकडे जोडून केलेली इंग्रजी अक्षरं. शंभर वर्षांहून जास्त काळ ती चिनी हॉटेलांच्या पाट्यांवर आणि चिनी माणसाची टिंगल करणाऱ्या जाहिरातींवर झळकली. २००२ मध्ये अमेरिकेत एका कपड्यांच्या कंपनीनं तसल्याच अक्षरांत चिनी धोब्यांची चेष्टा करणारे टी-शर्ट विकायला काढले आणि लोक चिडल्यावर मागे घेतले. आपणही हे सोसलेलं आहे. परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्या आठव : इंग्रजी अक्षरं, पण शिरोरेघेला टांगलेली. ती वाचताना तुला आपली लिपी कुणी समजून घेतली आहे असं वाटतं का?

भाची : नाही वाटत, उलट राग येतो. खूर गेला, मामा. पण त्यावरून तुम्ही सगळंच मोडीत काढू नका. वस्तूचा वेश घेणं वेगळं आणि तिची बांधणी समजून घेणं वेगळं. डॅनिश डिझायनर हॅन्स वेग्नरनं १९४४ मध्ये मिंग खुर्च्यांवरून ‘चायना चेअर’ केली. पुढे १९४९ मध्ये त्याच वाटेनं जात त्यानं विशबोन खुर्ची केली, इंग्रजी वायसारखी पाठ असलेली. तिच्यात चीन शोधावा लागतो. हात आणि पाठ मिळून एकच वळण, आणि पाठीच्या मधोमध आधार देणारा एकच तुकडा, एवढंच त्यानं ठेवलं. बाकी सगळं डॅनिश.

मामा : तेसुद्धा सगळं नाही ठेवलं. मिंग गोल खुर्चीचा तो वरचा कठडा तीन किंवा पाच तुकड्यांचा असतो. तुकडे कोरून घेतात, टोकाला एकमेकांवर बसवतात आणि मधून पाचर ठोकतात; पाचर बसली की तुकडे कुठल्याच दिशेला सरकत नाहीत. विशबोनचा कठडा वाफेवर वाकवलेला.

भाची : म्हणजे वेग्नरनं रूप घेतलं आणि बांधणी बदलली, तरी तुम्ही त्याला चोर म्हणत नाही.

मामा : कारण त्यानं खुर्चीतून खुर्ची काढली. बसणारं शरीर दोन्हीकडे तेच. पाठ टेकायची, हात ठेवायचे, वजन चार पायांतून जमिनीत सोडायचं. तू खुर्चीतून अक्षर काढते आहेस. अक्षरावर कोण बसतं?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. टाइपच्या जाहिरातीत ‘अमुक पुलावरून’, ‘तमुक पानाच्या शिरांवरून’ असं हल्ली सर्रास लिहिलेलं असतं, आणि अक्षरं पाहिली तर त्यांचा पुलाशी काही संबंध दिसत नाही.

भाची : अक्षरावर कुणी बसत नाही, पण डोळा त्याला वजन देतो. कॅपिटल एस किंवा आठचा आकडा उलटा धरून बघा. सुलटा असताना वरचा आणि खालचा भाग सारखा वाटतो. उलटा केला की कळतं, वरचा लहान आहे. सारखे काढले तर अक्षर डोक्यानं जड दिसतं. एचची आडवी पट्टी अगदी मध्यावर ठेवली तर ती घसरलेली वाटते, म्हणून ती थोडी वर जाते. मिंग खुर्चीचे पाय खाली किंचित फाकलेले असतात ते खुर्ची पडू नये म्हणून, आणि स्थिर दिसावी म्हणूनही. रोमन एमचे पाय तसेच फाकलेले आहेत. रोममधल्या ट्राजन स्तंभावरचा, इसवी सन ११३ चा लेख बघा. तिथल्या दगडकामाला चीनची गरज पडली नव्हती.

मामा : मग तुला तरी का पडते?

भाची : कारण ते कसब रोमन कॅपिटलमध्ये आहे, पण स्मॉल अक्षरांत क्षीण झालं आहे. स्मॉल अक्षरं तिरक्या टाकाच्या लेखणीतून आली. जाड-बारीकपणा लेखणीच्या कोनातून येतो आणि आपण तो गेली पाचेकशे वर्षं जवळजवळ सवयीनं ठेवतो. मी विचारते, लेखणी बाजूला ठेवली तर दांडा जाड आणि पट्टी बारीक का असावी? मिंग खुर्चीत त्याचं दुसरं उत्तर मिळतं : पाय भार घेतात म्हणून जाड, आडव्या पट्ट्या पायांना जागेवर धरतात म्हणून सडपातळ. मला टाइपमध्ये तेवढाच फरक हवा आहे, त्याहून जास्त नको.

मामा : टाइप डिझायनर हर्मान त्साप्फचं ‘ऑप्टिमा’ हेच करतं की. मध्ये किंचित बारीक होणारे दांडे, सेरिफ नाही.

भाची : करतं, आणि फार सुंदर करतं. १९५० मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या थडग्यांच्या फरशीवरची अक्षरं पाहून त्यानं सुरुवात केली, टाइप १९५८ ला आला. पण त्यानं अक्षरावरून अक्षर काढलं. तुमच्याच भाषेत, खुर्चीतून खुर्ची. मला हवा आहे सांधा. हा कॅपिटल के बघा. एक उभा दांडा, दोन तिरके हात. दोन्ही हात दांड्याला एकाच ठिकाणी भिडवले की तीन रेघा एका जागी येतात. मोठ्या आकारात ते चालतं. पुस्तकाच्या मजकुराएवढं लहान केलं की तिथे काळा ठिपका पडतो आणि वाचताना डोळा दर वेळी तिथे अडखळतो.

मामा : बरं. मग?

भाची : तुम्हीच मला एकदा मिंग खुर्चीच्या पायांमधल्या आडव्या पट्ट्या दाखवल्या होत्या. समोरची सगळ्यात खाली, बाजूच्या तिच्याहून वर, मागची आणखी वर.

मामा : हो. चिनी लोक त्यात पायरी पायरीनं वर चढण्याचा शुभशकुन बघतात. पण मुळात ते सुताराचं शहाणपण आहे. समोरची आणि बाजूची पट्टी एकाच उंचीवर असली तर दोघींची कुसं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, पायात एकाच जागी शिरतात. दोन खाचा आत एकमेकींना भेटतात, पायाचं लाकूड पोखरलं जातं आणि नेमका तिथेच पाय मोडतो. पट्ट्या वरखाली केल्या की प्रत्येक कुसाला स्वतःचं लाकूड मिळतं.

भाची : मी तेच केलं. केचा वरचा हात दांड्याला भिडतो आणि खालचा पाय त्या हातातून, दांड्यापासून थोडा दूर, फुटतो. सांधे दोन आणि दोन वेगळ्या जागी. तसाच आर. स्मॉल एनमध्ये कमान दांड्यातून जिथे सुटते तिथे ती बारीक करून मी एक छोटी खाच ठेवली आहे, म्हणजे काळेपणा साचत नाही.

मामा : केचा पाय हातातून काढणारे तुझ्या आधीही होते.

भाची : होते. मी नवं काही शोधलेलं नाही. पण आजवर हा उपाय अक्षरागणिक सुचेल तसा केला जातो. मला तो अख्ख्या टाइपचा कायदा करायचा आहे : कुठेही दोन सांधे एका जागी येणार नाहीत. बीमध्ये दोन पोटं जिथे दांड्याला मिळतात तिथेही नाही, डब्ल्यूच्या मधल्या टोकालाही नाही.

मामा त्या केकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटतं इथे भाचीचं पारडं जड आहे. तिनं लाकडाकडून एक अडचण आणि तिची सोडवणूक घेतली, आणि ती अडचण अक्षरातही खरोखर आहे. पण मामाकडे आणखी एक मुद्दा होता.

मामा : लाकडानं अक्षर घडवलेलं बघायचं असेल तर चीनमध्येच बघ, आणि त्याच काळात. मिंग काळात छापील पुस्तकांसाठी जे अक्षरवळण ठरलं, त्यात आडव्या रेघा बारीक आणि उभ्या जाड आहेत. ठोकळ्यात लाकडाचे तंतू आडवे जातात. तंतूंच्या दिशेनं कोरलेली रेघ बारीक असली तरी टिकते; तंतूंना छेदून जाणारी उभी रेघ बारीक ठेवली तर तुटते, म्हणून जाड ठेवायची. आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला राहिलेला छोटा त्रिकोण ही ब्रश टेकवल्याची खूण. आज चीनमध्ये नि जपानमध्ये पुस्तकं बहुतांशी याच वळणात छापली जातात. त्या अक्षराला लाकडानं अडवलं, म्हणून ते तसं झालं. तुला संगणकावर कोण अडवतं? हवी तिथे रेघ, हवी तेवढी बारीक.

भाची : अडवतात ना. शाई पसरते, कागद पितो, स्क्रीनवर लहान आकारात रेघेला पुरेसे ठिपकेच मिळत नाहीत. १९७८ मध्ये टाइप डिझायनर मॅथ्यू कार्टरनं अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी ‘बेल सेंटेनियल’ टाइप केला. हलका कागद, वेगानं छपाई, अक्षर अगदी बारीक. त्यानं सांध्यासांध्यात खाचा ठेवल्या. शाई पसरून त्या भरायच्या आणि अक्षर नीट दिसायचं. शाई कुठे जाणार हे ओळखून त्यानं तिच्यासाठी आधीच जागा ठेवली. मिंग टेबलाच्या फळीलाही तुम्ही सुतार तशीच जागा ठेवता.

मामा : ठेवतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून मधली फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवायची, घट्ट धरायची नाही. कोपरे पंचेचाळीस अंशांत मिळतात आणि कुसं आत लपतात. आणि हो, मिंग फर्निचरला सरस कधी लावलाच नाही असं लोक सांगतात, ते खरं नाही, कधीमधी लावत. पण भार सांध्यानं घ्यायचा, सरसावर सोडायचा नाही. खिळे तर त्या लाकडाला मारायचेच नाहीत, चिरतं. या फर्निचरचं लाकूड, ह्वांगह्वाली, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातलं, हायनान बेटावरचं घट्ट लाकूड. १५६७ मध्ये सागरी व्यापारावरची बंदी उठली आणि बाहेरूनही असली कठीण लाकडं येऊ लागली. सुचोऊ शहराच्या सुतारांना एवढे बारीक सांधे काढता आले ते लाकूड तेवढं घट्ट होतं म्हणून.

भाची : हेच मला म्हणायचं आहे. काही लाकूड बाहेरून आलं. तुम्ही म्हणालात ते सुमेरू-पीठ बाहेरून आलं. खुर्चीसुद्धा बाहेरचीच. हान काळात चिनी लोक चटईवर बसायचे. दुसऱ्या शतकात सम्राट लिंगला परदेशी घडीच्या स्टुलाचं वेड होतं, आणि उंच बैठक घरोघर रुळायला पुढची कित्येक शतकं गेली. मग त्या खुर्चीकडून शिकायला मला कुणाची परवानगी हवी?

मामा : परवानगी नाही, पण काही देणं लागतं. चिनी कारागिरांनी ती खुर्ची घेतली आणि हजार वर्षं बसून बसून आपली केली. तू किती दिवस बसणार आहेस?

भाची : मला माहीत असलेली सगळ्यात चांगली साक्ष त्याच काळातली आहे. चेंग दायुएनं शाईच्या वड्यांच्या नक्षीचं एक पुस्तक काढलं, १६०६ च्या सुमारास. त्यात जेसुइट मिशनरी मातेओ रिचीनं दिलेली ख्रिस्ती चित्रं आणि चिनी मजकूर आहे, आणि चिनी अक्षरांशेजारी रोमन अक्षरांत उच्चार कोरलेले आहेत. पुढे १६२६ मध्ये दुसरा मिशनरी निकोला त्रिगोनं हांगचौला रोमन उच्चारांचा मोठा ग्रंथ छापला. म्हणजे ज्या वर्षांत हे फर्निचर घडत होतं, त्याच वर्षांत चिनी कोरक्यांच्या हाताखालून ए, बी, सी लाकडात उतरत होते. आणि आता तर रोमन अक्षर चीनच्या रोजच्या वापरात आहे. १९५८ मध्ये पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, अधिकृत झाली. पोरं पहिलीपासून ती शिकतात, रस्त्यांच्या पाट्यांवर ती असते. माझ्या टाइपमध्ये पिनयिन पूर्ण असणार. चारही सुरांच्या खुणा. दोन टिंबं असलेल्या यूवर आणखी सुराची खूण चढते तीही. चिनी पाठ्यपुस्तकांत असतो तसा साधा गोल स्मॉल ए, वर बाक नसलेला.

मामा : हे तू आधी सांगायला हवं होतंस. एवढ्या सगळ्यात मला हेच सर्वांत पटलं. ज्यांच्या खुर्चीकडून घेतलंस, त्यांच्या पोरांना ते वाचता-लिहिता येईल. यूवर टिंबं आणि त्यावर सूर, एवढा मजला चढला की वरच्या ओळीला धडकणार नाही?

भाची : धडकतो. म्हणून खुणा चपट्या ठेवल्या आहेत आणि टिंबं अक्षराच्या जवळ आणली आहेत.

मामा : आता नावाचं बोलू. नावात चीन नको, मिंग नको, लाकडाचंही नाव नको. नाव दिलंस की लोक पाट्यांसाठी वापरतील आणि तू पुन्हा क्लीव्हलंडच्या रांगेत उभी राहशील.

भाची : नाव लपवलं तर ऋण लपवल्यासारखं होईल. वांगांच्या संग्रहातल्या ७९ वस्तू शांघाय म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून शिकायचं आणि बाहेर येऊन ते स्वतःला सुचलं म्हणायचं, हे मला जमणार नाही. नाव साधं ठेवीन, पण टाइपसोबतच्या माहितीत खुर्ची, सांधे, वांग, सगळं लिहीन.

नावाबाबत मी मामाच्या बाजूचा आहे. माहितीबाबत भाचीच्या.

मामा : आणि बोल्ड? बोल्ड करावाच लागेल. मिंग खुर्चीत बोल्ड नाही. पाय दुप्पट जाड कर, मधली मोकळी जागा आटते, आणि तीच जागा तर त्या खुर्चीचा जीव आहे. जाडी वाढवत नेलीस की तू मिंगनंतरच्या चिंग दरबारात पोचतेस : छ्येनलुंग बादशहाच्या वेळचं जडशीळ, अंगभर कोरलेलं फर्निचर.

भाची : म्हणून रेग्युलर आणि मीडियम, दोनच वजनं. मजकुरातच एखादा शब्द ठळक करायला जाड जोडीदार देण्याची पद्धत १८४५ मध्ये लंडनच्या ‘क्लॅरेंडन’ या टाइपनं रुळवली. त्याआधीची साडेतीनशे वर्षं छापणारे लोक मोठा आकार, कॅपिटल आणि इटालिक यांवरच भागवत होते.

मामा : मग इटालिक हवंच. उभ्या पायांच्या खुर्चीतून तिरकं अक्षर कसं काढणार?

भाची : घडीच्या खुर्चीतून. तिचे पाय तिरके, एकमेकांना ओलांडणारे. अधिकाऱ्यांच्या प्रवासात ती बरोबर असायची. आणि मुद्रक आल्डुसनं १५०१ मध्ये व्हेनिसला इटालिकमध्ये अख्खी पुस्तकं छापायला घेतली तीही बरोबर नेता येतील अशा छोट्या पुस्तकांसाठी.

मामा : हे ऐकायला छान आहे, एवढ्यानं ते खरं ठरत नाही. इटालिकची सुरुवात एक्सपासून कर. घडीच्या खुर्चीत दोन पाय एकमेकांना छेदत नाहीत. शेजारून जातात आणि धातूच्या खिळीवर फिरतात. ते तुझ्या एक्समध्ये दिसलं तर बोलू.

भाची : एक्सच्या बारीक रेघेचे दोन तुकडे तसेही एका रेषेत नसतात, मामा. एका रेषेत काढले तर डोळ्याला तुटलेले दिसतात, म्हणून थोडे सरकवावे लागतात. मोठा प्रिंट काढून आणते, पट्टी लावून बघा.